थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं

प्रश्न निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदार भाऊंचा आहे. थोडक्यात असा: कॉमन रेल डिझेल पिकअप (म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना जादा दाबाच्या एकाच नळीतून, रेलमधून, डिझेल मिळतं), अडीच लिटरचं इंजिन, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली. डिसेंबर लागल्यापासून पहाटे चारला माल भरून निघायचं म्हटलं की दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागतो. सुरू झाली की सायलेन्सरमधून पांढरा धूर, डोळे चुरचुरतात, मिनिटभर गाडी थरथरते, मग शांत. त्यानंतर दिवसभर कुठेही बंद करा, चावी फिरवली की सुरू. बॅटरी आठ महिन्यांपूर्वी नवी टाकली, डिझेल फिल्टर बदलला. आता एका मिस्त्रीने सांगितलंय की चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, गेले. बदलू का?

नका बदलू भाऊ. निदान आत्ताच तरी नका. चार इंजेक्टर म्हणजे अर्ध्या लाखाच्या आसपासची गोष्ट, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं त्या बाजूला बोट दाखवतच नाहीत.

कारण सांगतो. कॉमन रेलचा इंजेक्टर आतून झिजला की त्यातून रिटर्नला, म्हणजे परत टाकीकडे, जाणारं डिझेल वाढतं, आणि सेल्फ मारताना रेलमध्ये दाब तयार होत नाही. पण डिझेल तापलं की पातळ होतं. म्हणजे ही गळती गरम इंजिनवर जास्त आणि गारठ्यात कमी. असे इंजेक्टर असलेली गाडी सकाळी बऱ्यापैकी सुरू होते आणि घाट चढून आल्यावर चहाला थांबलात की परत सुरू व्हायला छळते. तुमचं बरोबर उलटं आहे. इंजेक्टरचं तोंड खराब होऊन फवाऱ्याऐवजी थेंब पडत असतील तर थंडीत पांढरा धूर येतो हे खरं. पण मग दिवसा गाडी चालवतानाही काहीतरी जाणवतं: आयडलला ठोका, चढाला काळा धूर, ॲव्हरेज पडलेलं. तुम्ही त्यातलं एकही लिहिलेलं नाही.

माझं गॅरेज पिंपळगाव बसवंतच्या बाजूला हायवेला आहे, २७ वर्षं झाली. थंडीत आठवड्याला चार-पाच पिकअप तरी याच तक्रारीने येतात. गंमत अशी की येतात सकाळी अकराला, वीस किलोमीटर चालून, तापलेल्या. मी चावी फिरवतो, लगेच सुरू. मालक ओशाळतो, जसं काही डॉक्टरच्या दारात गेल्यावर पोराचा ताप उतरला. मग काही मिस्त्री लोक अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातात, आणि दर पार्टनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं की फरक पडला नाही.

थंडीच्या स्टार्टिंगचा दोष शोधताना खरी अडचण हत्यारांची नसते. पूर्ण थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं, ही अडचण असते. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहाटे पहिल्यांदा चावी फिरवल्यावर जे दहा सेकंद दाखवते, ते परत बघायला चोवीस तास थांबावं लागतं. म्हणून एका सकाळी एकच प्रयोग करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

आता डिझेल इंजिन थंडीत का अडतं ते थोडक्यात. यात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सोळा-अठरा पट दाबतो, दाबलेली हवा तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा गेला की तो आपोआप पेटतो. चालत्या इंजिनात ही हवा पाचशे अंशांच्या पुढे जाते, तिथे प्रश्नच नाही. पहाटे मात्र आत येणारी हवा पाच-सहा अंशांची, सिलिंडरच्या भिंती तेवढ्याच गार. सेल्फवर इंजिन हळू फिरतं, म्हणून दाबलेल्या हवेला भिंतींना उष्णता देऊन बसायला वेळ मिळतो, आणि थोडी हवा रिंगांच्या बाजूने निसटतेही. त्यामुळे जितकं हळू फिरेल तितकं कमी तापेल. मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांच्या खाली गेलं की बहुतेक इंजिनं रडायला लागतात.

आणि निफाडचा गारठा म्हणजे काही गंमत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात २०१८ च्या डिसेंबर अखेरीस पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. बागेत शेकोट्या पेटवून घड वाचवायची वेळ येते, तिथे त्याच बागेच्या बांधावर उघड्यावर उभी असलेली पिकअप कुरकुरणारच. पण कुरकुरणं वेगळं आणि बारा सेकंद वेगळे. ठणठणीत कॉमन रेल इंजिन पाच अंशांत हीटरचा (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझल्यावर दोन-तीन सेकंदांत पकडलं पाहिजे.

तर उद्या पहाटे काहीही न खोलता तीन गोष्टी बघा. घरातल्या कुणाला तरी बॅटरी देऊन सायलेन्सरमागे उभं करा, म्हणजे हातातली बॅटरी, टॉर्च. पहिली गोष्ट, सेल्फचा आवाज. रोजच्या दुपारच्या आवाजाइतकाच झपाट्याने फिरतोय की दमल्यासारखा ‘उंव... उंव... उंव’ करतोय? दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: सेल्फ मारत असताना, म्हणजे इंजिन पकडायच्या आधी, सायलेन्सरमधून धूर येतोय का? तुम्ही सुरू झाल्यानंतरचा धूर सांगितलात, मला आधीचा हवाय. तिसरी, पकडल्यावर गाडी कशी चालते: चारही सिलिंडर एकदम लागतात, की आधी एक-दोन लागून बाकीचे मागून येतात आणि तोवर थरथर होते?

धुराचं गणित सोपं आहे. सेल्फ मारताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये. म्हणजे उष्णता कमी पडतेय: हीटर प्लग, सेल्फचा वेग, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने हवा दाबणं. आठ-नऊ सेकंद काहीच धूर नाही आणि मग अचानक पकडते, तर डिझेलच पोचत नाहीये: लाईनमध्ये हवा, रिटर्न, पंप, नाहीतर एखादा सेन्सर. या एका निरीक्षणाने निम्मं गॅरेज बाद होतं. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि कूलंट दर आठवड्याला टाकावं लागत असेल, तर मात्र हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगकडे, बघा. तो वेगळा विषय.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय हीटर प्लगवर आहे. डोळ्यांना झोंबणारा धूर, मिनिटभर थरथर आणि दिवसभर काही नाही, हे दोन किंवा तीन प्लग मेल्याचं अगदी ठरावीक चित्र आहे. हे प्लग एकमेकांना समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एक मेला तरी बाकीचे चालतात. चारातला एक गेला तर निफाडात एखादी थरथर जाणवेल, बाकी नाही. दोन गेले की सेल्फ लांबतो. तीन गेले की शेजारी उठतात. आणि डॅशबोर्डवरच्या कॉइलच्या चिन्हाच्या हीटर दिव्यावर विसंबू नका. तो वेळेचा दिवा आहे. बऱ्याच गाड्यांत चारही प्लग मेलेले असले तरी तो इमानदारीत लागतो आणि विझतो.

फुकटातली एक चाचणी आधी करा. परवा पहाटे चावी ऑन करा, दिवा विझू द्या, सेल्फ न मारता चावी बंद करा, परत ऑन करा. असं तीनदा, आणि मग सेल्फ. गाडी ठळकपणे लवकर पकडली तर प्लगना करंट जातोय पण त्यातले काहीच काम करतायत, किंवा सगळेच अशक्त झालेत. काडीचाही फरक नाही पडला तर करंटच पोचत नाहीये, किंवा दोष भलतीकडेच आहे.

मग मल्टिमीटर काढा. प्लगच्या डोक्यांवरून जाणारी पट्टी किंवा वायर सोडवा, चारही प्लग मोकळे झाले पाहिजेत. ही पट्टी न सोडता मोजणारे लोक मी बघितलेत, त्यांना चारही प्लग चांगलेच दिसतात, कारण मीटर जिवंत प्लगमधून वाट काढतो. मीटर ओहमवर लावा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवून मीटरचा स्वतःचा आकडा बघा, ०.२ किंवा ०.३ येईल, तो वजा करायचा. मग एक टोक प्लगच्या डोक्याला, एक इंजिनच्या स्वच्छ धातूला. चांगला प्लग अर्ध्या ते दीड ओहमच्या आत दाखवतो. मेलेल्या प्लगवर मीटर हलतच नाही. मीटर नसेल तर बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्प घेऊन प्लगच्या डोक्याला लावा: दिवा लागला तर प्लगची तार शाबूत. प्लग तापतो किती हे मात्र यात कळत नाही. त्यासाठी वायरभोवती लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर बरा. पहिल्या क्षणी जास्त, मग उतरून प्रत्येक प्लग साधारण १० ते १५ अँपिअरवर स्थिरावतो. चार मिळून ५० च्या आसपास दिसायला हवेत, २५ दिसले तर दोन मेले.

इथे एक सावधगिरी. काही नव्या इंजिनांत कमी व्होल्टेजचे प्लग असतात, अंगावर ४.४, ५ किंवा ७ व्होल्ट असं कोरलेलं असतं. त्यांना थेट बॅटरी लावून ‘लाल होतो का बघू’ म्हणू नका, बघता बघता जळतील. आणि काही जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांना हीटर प्लगच नसतो. तुमची कॉमन रेल आहे, तिला बहुधा असेल, पण हुडखाली बघून खात्री करा.

प्लग चारही चांगले निघाले तर त्यांच्यापर्यंत करंट येतो का ते बघा. थंड इंजिनवर चावी ऑन केल्यावर त्या पट्टीवर निदान ११ व्होल्ट यायला हवेत. नसतील तर मोठा फ्यूज, रिले, आणि तिथेही ठीक असेल तर कूलंट टेम्परेचर सेन्सर. या सेन्सरने मला एकदा चांगलंच शिकवलंय. सात-आठ वर्षं झाली असतील. ओझरकडच्या एका भाजीवाल्याची पिकअप, तुमच्यासारखीच तक्रार. मीही तेव्हा घाईत होतो, इंजेक्टर काढून लॅबला पाठवले. रिपोर्ट ठीक आला, परत बसवले, मजुरी घ्यायला लाज वाटली. मग रात्री गाडी ठेवून घेतली आणि पहाटे सुरू करायच्या आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र, लावला. आत येणारी हवा ८ अंश, आणि कूलंट ४६ अंश! रात्रभर दवात उभी असलेली गाडी म्हणतेय मी तापलेली आहे. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, ते खरं मानलं, प्लगना करंट दिलाच नाही, आणि सुरुवातीला जादा डिझेलही दिलं नाही. सेन्सर काही शे रुपयांचा होता. तेव्हापासून माझा नियम आहे: थंड इंजिनवर सेल्फ मारायच्या आधी कूलंट आणि हवा, दोन्हींचं तापमान स्कॅनरवर बघायचं. दोन-तीन अंशांचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय.

प्लग बदलायचे ठरले तर घाईने पाना लावू नका. वर्षानुवर्षं बसलेला प्लग कार्बनमध्ये चिकटलेला असतो, आणि तुटला तर त्याचा तुकडा काढायला कधी कधी हेड उतरवावं लागतं. म्हणजे काही हजारांचं काम कुठल्या कुठे जातं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, इंजिन चांगलं गरम करा आणि हळूहळू पुढे-मागे करत सोडवा. काढलेल्या प्लगचं टोक जपून बघा. नुसतं काळं असेल तर वयाने गेला. फुगलेलं, वितळल्यासारखं दिसलं तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय का हे तपासायला हवं. तिथे इंजेक्टरचा विषय पहिल्यांदा खरा ठरतो, आणि तोही एकाच सिलिंडरचा. बसवताना टॉर्क रेंच वापरा. १० मिलिमीटर आट्याच्या प्लगला १५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, अचूक आकडा तुमच्या मॅन्युअलचा घ्या. आणि चारही एकदम बदला.

आता बॅटरी. नवी आहे म्हणून ती बाद करू नका, कारण प्रश्न बॅटरीपुरता नसतोच, तो बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या आणि सेल्फपासून परत येणाऱ्या वाटेचा असतो. रात्रभर उभी राहिलेली बॅटरी सकाळी १२.५ च्या वर दाखवायला हवी. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, मग अल्टरनेटर भरत नाहीये किंवा रात्री काहीतरी करंट खातंय. आजकाल पिकअपला म्युझिक सिस्टीम, निळे दिवे आणि ट्रॅकर लावल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. गारठ्यात बॅटरीची ताकदही उतरते, शून्य अंशाला साधारण तिसरा हिस्सा जातो. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर ९.६ च्या खाली जाऊ नये.

आणि अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट. बॅटरीच्या मायनसला मीटरचं एक टोक, इंजिनच्या उघड्या धातूला दुसरं, आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब. प्लसच्या बाजूला बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. लोक टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतात आणि समाधान मानतात. इंजिन आणि चासिसमधली ती विणलेली पट्टी मात्र कुणी बघत नाही, कारण ती खाली चिखलात असते. एकदा एका गाडीत क्लचचं काम करताना आधीच्या मेकॅनिकने ती पट्टी परत जोडलीच नव्हती. सेल्फचा सगळा करंट परतीची वाट शोधत गिअरच्या केबलमधून जात होता. मालक म्हणाला, सेल्फ मारल्यावर जळका वास येतो. केबलला हात लावला तर चटका बसला. दिवसा गरम इंजिन तेवढ्यावरही फिरत होतं, पहाटे नाही. दहा मिनिटांचं काम, एक बोल्ट आणि थोडा सँडपेपर.

सेल्फ स्वतः: कार्बन ब्रश, बुश, सोलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट. व्होल्टेज व्यवस्थित पोचतंय आणि तरी दमून फिरतोय, तर काढून इलेक्ट्रिशियनकडे द्या. इंजिन ऑइलही एकदा बघा. कुणीतरी ‘गाडी जुनी झाली, जाड टाक’ म्हणून २० डब्ल्यू ५० घातलं असेल तर पहाटे ते काकवीसारखं होतं आणि सेल्फला सगळा जोर तिथेच लावावा लागतो. कंपनीने सांगितलेला ग्रेड टाका.

समजा तुमच्या माणसाने सायलेन्सरमागून सांगितलं की सेल्फ मारताना धूर अजिबात नव्हता. मग वरचं सगळं थोडं बाजूला ठेवा आणि डिझेलच्या लाईनकडे या. टाकी खाली, इंजिन वर. लाईनमध्ये कुठेतरी केसाएवढी फट असली तर चालत्या गाडीत डिझेल गळून दिसतही नाही, कारण तिथे पंप ओढत असतो आणि बाहेरून हवा आत जाते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. पहाटे पंपाला आधी ती हवा ओढून काढावी लागते, मग डिझेल, मग दाब. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी हवा पकडते’. आणि तुम्ही आत्ताच फिल्टर बदललाय, तेव्हा हा संशय जरा जास्तच. नवा फिल्टर बसवताना जुनी रबर रिंग तशीच ठेवली, किंवा नवी पिळली गेली, तर नेमकं हेच होतं. तक्रार फिल्टरच्या आधीपासून होती की नंतर सुरू झाली, हे आठवून बघा.

याचीही फुकट चाचणी आहे. गाडी रात्री तोंड खाली उताराला करून उभी करा, म्हणजे इंजिन टाकीच्या खाली राहील. बांधावर थोडा उतार असला तरी चालतो. सकाळी झटकन सुरू झाली तर हवेचा दोष जवळपास पक्का. किंवा तिसऱ्या दिवशी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हँड पंप घट्ट होईपर्यंत दाबा. तो एरवी सकाळी किती वेळा दाबल्यावर घट्ट होतो तेही लक्षात ठेवा. दोन-तीन वेळांत घट्ट झाला तर लाईन भरलेली होती. पंधरा वेळा दाबावा लागला तर रात्री रिकामी झाली होती. फट कुठे हे शोधायला फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक पाईप लावतो आम्ही. बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. मग टाकीपासून एकेक जोड पुढे सरकत जायचं. मला सापडलेल्या फटी बहुतेक अशा होत्या: कडक झालेली रबर पाईप, सैल क्लिप, तांब्याचा वापरलेला वॉशर परत लावलेला, आणि उंदीर. कांद्याच्या चाळीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर फार.

फिल्टरच्या तळाचं पाणीही सोडून बघा, काचेच्या ग्लासात. आणि थंडीने डिझेल गोठलं असेल का, असं बरेच जण विचारतात. आपल्याकडचा भारतीय मानक हिवाळ्याच्या डिझेलला ६ अंशांपर्यंत आणि उन्हाळ्याच्या डिझेलला १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहण्याची मर्यादा देतो. म्हणजे निफाडच्या एखाद्या कडक पहाटे ऑक्टोबरात भरून ठेवलेलं, फारसं न वापरलेलं डिझेल मेणकट होऊन अर्धवट तुंबलेल्या फिल्टरला अडवू शकतं. पण तुमची गाडी रोज धावते, रोज डिझेल भरता, शिवाय मेण अडकलं की गाडी सुरू होऊन दोन-चार मिनिटांनी ओढ सोडते आणि बंद पडते. तुमचं तसं नाही. खरं गोठणं बघायचं तर लडाखला. तिथे उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलं. आपल्याला त्याची गरज नाही.

ज्याच्याकडे बरा स्कॅनर आहे त्याला हे सगळं एका सकाळी उलगडतं. सेल्फ मारताना रेलचा दाब बघायचा. इंजेक्टर उघडायला ईसीयूला साधारण २०० ते २५० बार लागतात. एक-दोन सेकंदांत तेवढा दाब आला आणि तरी गाडी पेटत नाही, तर डिझेलची बाजू निर्दोष, उष्णतेकडे जा. आठ सेकंद झाले तरी दाब १०० वर रेंगाळतोय, तर हवा, कमी दाबाचा पुरवठा, पंप, प्रेशर व्हॉल्व्ह, आणि त्यानंतर इंजेक्टरचं रिटर्न. रिटर्नची चाचणी प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एक अशा चार बाटल्या लावून होते. चारांतली एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली की तो एक इंजेक्टर दोषी. चारही बदला म्हणणाऱ्याला आधी या बाटल्या दाखवायला सांगा. स्कॅनरवर इंजिनचे फेरे शून्यच दिसत असतील तर फेरे मोजणारा क्रँक सेन्सर.

कॉम्प्रेशनवर फार लिहीत नाही, कारण तुमच्या गाडीत त्याची चिन्हं नाहीत. ऑइलचं झाकण सैल करून चालत्या इंजिनावर ठेवा. ते उडत असेल, ऑइल कमी होत असेल, तर रिंगा. आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) फार टाईट झाले असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, थंडीत त्रास होतो. लाख-दीड लाखावर एकदा टॅपेट बघून घेतलेले बरे, तुमच्या इंजिनात हाताने सेट करायचे असतील तर.

आता रागावून सांगायच्या दोन-चार गोष्टी. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरू नका. हे मी अजून बघतो, आणि एकदा फिल्टरचा कागद पेटून हौजिंग वितळलेलंही बघितलंय. टाकीखाली शेकोटी तर नकोच नको. स्टार्टिंग स्प्रे हीटर प्लगच्या इंजिनात मारू नका. लाल झालेल्या प्लगवर स्प्रेतलं ईथर गेलं की ते पिस्टन वर पोचायच्या आधीच भडकतं, आणि पिस्टन किंवा रिंगा मोडतात. डिझेलमध्ये रॉकेल मिसळून ‘पातळ’ करायची युक्ती जुन्या पंपांना खपत होती. कॉमन रेलच्या पंपाला डिझेलचंच वंगण असतं, रॉकेलने तो खरवडतो, आणि मग ज्या इंजेक्टरच्या खर्चाला तुम्ही आज घाबरताय तो खरंच येतो. धक्का मारून रोज सुरू करणंही नको. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. बारा सेकंद सलग मारून तुम्ही सध्या सेल्फही संपवताय.

तर क्रम असा धरा. उद्या पहाटे फक्त बघायचं आणि ऐकायचं, टॉर्चवाला माणूस मागे. परवा तीनदा हीटर. तेरवा, लागलंच तर, उताराची किंवा हँड पंपाची चाचणी. त्यादरम्यान दुपारी वेळ मिळेल तेव्हा चार प्लगांचे ओहम मोजून कागदावर लिहून ठेवा, पुढून मागे, एक ते चार. माझा अंदाज आहे की दोन ठिकाणी मीटर हलणार नाही.

हे जमलं नाही तर गाडी माझ्याकडे आणा, पण अकराला नको. संध्याकाळी आणा, अंगणात उघड्यावर लावा, चावी देऊन बसने घरी जा. सकाळी साडेपाचला चहाला या. पहिला सेल्फ तुमच्यासमोरच मारू.